झोपाळू आणि हातमोजी

"वन्सं, माझ्या फ्रिजमध्ये हे काय ठेवलंय?"

वहिनीने डबा दोन बोटांत धरून नाकापासून लांब ठेवला होता. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आत्या स्टुलावर बसून उंदराला मिशा लावत होती. एका हातात चिमटा, समोर जुन्या ब्रशमधून उपटलेले केस. हातातली मिशी नीट बसेपर्यंत तिने उत्तर दिलं नाही.

"मेण आहे, वहिनी. थंड ठेवलं नाही तर बोटं वाकतात."

"कुणाची बोटं?"

"बुरशीची."

वहिनीने डबा खाली ठेवला आणि दोन्ही तळहात ओट्यावर टेकले. "या घरात आल्यापासून मी दोनच गोष्टींशी भांडतेय. डब्यांमागचा उंदीर आणि पावावरची बुरशी. आता नणंद उंदीर बनवतेय आणि मुलगी बुरशी वाचवतेय. मी कुठं जाऊ, सांगा."

"आई, तू अध्यक्ष हो आमच्या समितीची," दारातून आवाज आला. "तुला घाबरून सरळ होतील सगळे."

ही छोटी, वहिनीची मुलगी. दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतकी उंच झाली, विज्ञानाची पदवी घेऊन नोकरीला लागली, तरी घरात छोटीच राहिली. शहराच्या कडेला, उतारावर एक जुनी राई आहे. तिथे येणाऱ्यांना राईची ओळख करून देणारी एक खोली आहे, आणि ती खोली छोटी सांभाळते. आत्या खरं म्हणजे एकट्या छोटीची; पण दातांच्या ज्या लॅबमध्ये ती काम करत होती, तिथेही मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत.

छोटीने डबा उघडला. आत आत्याने बनवलेली बुरशी होती. पाच जाड बोटं, विटकरी रंगाची, एका सरळ काडीवर बसवलेली. छोटीने डबा उजेडात फिरवला.

"छान आहे," ती म्हणाली.

आत्याने चिमटा खाली ठेवला. हा सूर तिच्या ओळखीचा होता. डॉक्टर फोनवर असंच "छान आहे" म्हणायचे आणि चार दिवसांनी कवळी परत यायची.

"सरळ बोल ना."

"छान आहे गं, पण..." छोटीने शब्द शोधला. "धुतलेली वाटते. तोंडात बसवायची असल्यासारखी."

वहिनी एकदम हसली. आत्याही हसली, पण उशिरा. मग तिने डबा ओढून घेतला, झाकण लावलं आणि म्हणाली, "फोटोवरून एवढंच येतं. मला खरी दाखव."

प्रश्न नुसत्या डब्यातल्या मेणाचा नव्हता. राईच्या उतारावर कठीण कवचाच्या फळांच्या झुडपांची एक जुनी जाळी होती. त्या जाळीत दोन जीव राहत, दोघेही झपाट्याने संपत चाललेले. एक होता सोनेरी उंदीर. थंडीचे सगळे महिने हा गोळा होऊन झोपतो, म्हणून लोक त्याला झोपाळू म्हणत. दुसरी ही बुरशी, जिचं नाव छोटीने आणि तिच्या दोन-तीन मैत्रिणींनीच ठेवलं होतं: हातमोजी. रबरी हातमोज्यात हवा भरल्यावर बोटं फुगतात, तशी ती दिसते.

अडचण अशी की दोघांना एकाच झुडपाकडून उलट गोष्टी हव्या होत्या. झुडपं मुळाशी कापली की नवे धुमारे फुटतात, चार-पाच वर्षांत ते फळांनी लगडतात, आणि झोपाळू खाऊन गुबगुबीत होतो. नाही कापली तर झुडपं म्हातारी होतात, सावली वाढते, फळं कमी लागतात. पण हातमोजी त्या म्हाताऱ्या खोडांवर, त्या दमट सावलीतच वाढते. ती कोवळ्या धुमाऱ्यांवर येत नाही. जुनं खोड कापलं की ती गेली.

या थंडीत सगळी जाळी कापायचं राईच्या समितीने जवळजवळ ठरवलंच होतं. शेवटची सभा व्हायची होती. जाळीतला ओढ्याकाठचा भाग तरी सोडावा, असं छोटीचं म्हणणं होतं. पण समितीतल्या कुणीही हातमोजी पाहिलेली नव्हती. अध्यक्षबाईंचे गुडघे त्या निसरड्या उतारावर उतरणारे नव्हते. बुरशी तोडून आणायला बंदी होती. फोनवरचा फोटो पाहून एक सदस्य म्हणाले होते, "हा कुणीतरी टाकलेला हातमोजाच आहे. कचरा उचलायला माणूस पाठवा."

म्हणून छोटी आत्याकडे आली होती. झोपाळू आणि हातमोजी, दोघांच्या हातात घेता येतील अशा प्रतिकृती हव्या होत्या. सभेत दोन्ही मांडायच्या.

आत्याला वेळ होता. लॅबमध्ये मशिन आलं होतं. पांढऱ्या ठोकळ्यातून ते दाढ कोरून काढतं, तीही चहा होईपर्यंत. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने आत्याला खुर्ची देऊन सांगितलं, "तुम्ही पॅकिंग बघा आता. कुणी काढत नाहीये तुम्हाला." तेव्हापासून आत्या मशिनने कोरलेले दात कापसात गुंडाळून डबीत ठेवत होती. काम हलकं होतं. संध्याकाळी हात दुखत नसत, आणि त्याचीच तिला सवय होत नव्हती.

इतकी वर्षं तिने बनवलेले दात कुणाच्या तोंडात जाऊन बसले, ते तिने कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांकडून माप यायचं, म्हणजे रुग्णाच्या हिरडीचा लगद्यात उठवलेला ठसा. त्यावरून प्लास्टर, प्लास्टरवर मेण, मेणावरून दात. काम बिघडलं तर परत यायचं. चांगलं झालं तर पुन्हा त्याचं नावही ऐकू यायचं नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी छोटी तिला जाळीत घेऊन गेली. उतार ओला होता. आत्याने वहिनीचे पावसाळी बूट घातले होते आणि पाठीवर एक पिशवी घेतली होती. ओढ्याजवळ एका वाकड्या खोडापाशी छोटी थांबली आणि बोट दाखवलं.

हातमोजी तिथे होती. आत्याला आधी ती दिसलीच नाही. मग दिसली, आणि मग सगळीकडे दिसायला लागली. एका वाळक्या काडीला धरून बसलेली जाडजूड बोटं. काही विटकरी, काही फिकट, एक नुकतंच उगवलेलं, शेंगदाण्याएवढं.

आत्याने पिशवी उघडली. वाडगं, पावडरीची पुडी, पाण्याची बाटली आणि पसरट चमचा काढला.

"हे काय करतेस?"

"माप घेते. दोन मिनिटांत घट्ट होतं. तिला कळणारसुद्धा नाही."

"आत्या! हात लावायचा नाही तिला."

"हात कुठं लावतेय? माप घेतेय."

"मापही नाही."

"अगं, दवाखान्यात माणसं उमासे काढत माप देतात. तुझ्या बुरशीला उलटी व्हायची भीती आहे का?"

"तो लगदा काढताना बोटं तुटतील. एवढीच उरलीयत ही." छोटीचा आवाज किंचित चढला. "तूच मोडलीस तर मी सभेत काय सांगू?"

आत्या वाडगं हातात घेऊन उभी राहिली. मापाशिवाय तिने आजवर एक दातही बनवला नव्हता.

"मग करू कसं?"

"बघून," छोटी म्हणाली.

आत्याने वाडगं परत पिशवीत ठेवलं, रेनकोटची घडी जमिनीवर टाकली आणि त्यावर बसली. छोटी तिच्या शेजारी उकिडवी बसून सांगत होती. ही वाळकी काडी केव्हाच तुटून खाली पडायला हवी होती. पण आणखी एक बुरशी असते, काळपट, सपाट. ती वाळक्या काड्या जिवंत फांदीला चिकटवून ठेवते. जमिनीवर पडल्या तर इतर बुरश्या त्यांच्यावर तुटून पडतील, म्हणून. आणि हातमोजी जगते ती त्या चिकटवणाऱ्या बुरशीवर.

"म्हणजे पोटभाडेकरू," आत्या म्हणाली.

"तसंच काहीसं."

"आणि काडी पडली की?"

"दोघींचाही मुक्काम संपला."

मागून पाचोळा वाजला. डोक्यावर टोपी, खांद्यावर लाकडी पेट्यांचं ओझं, असे एक उंच गृहस्थ उतरत होते. हे पेटीवाले काका. झोपाळूंनी राहावं म्हणून राईभर लाकडी पेट्या टांगायच्या, त्या तपासायच्या, मोडल्या की दुरुस्त करायच्या, हे काम निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःहून घेतलं होतं. समितीत कापणीच्या बाजूने सगळ्यात ठाम तेच होते.

"तुम्ही छोटीच्या आत्या ना? दातवाल्या?"

"हो."

"पोरगी हुशार आहे तुमची. फक्त बुरशीसाठी माझ्या उंदराला उपाशी मारायला निघालीय."

"काका, मी सगळं सोडा म्हणत नाहीये," छोटी म्हणाली.

"तू ओढ्याकाठचं म्हणतेस. पुढच्या वर्षी मधलं म्हणशील." पण ते रागावलेले नव्हते. एका पेटीचं झाकण त्यांनी बोटभर वर केलं आणि आत्याला खुणेने बोलावलं. आत सालीच्या धाग्यांच्या घरट्यात सोनेरी गोळा होता. तोंड पोटात खुपसलेलं, शेपटी नाकावरून घेतलेली. गोळा श्वास घेत होता. आत्याने नकळत स्वतःचा श्वास रोखला.

काकांनी झाकण लावलं आणि खिशातून एक रिकामं कवच काढून तिच्या तळहातावर ठेवलं. कवचाला वाटोळं भोक होतं. आत्याने गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. भोकाची आतली कड गुळगुळीत होती. बाहेरच्या बाजूला दातांच्या बारीक तिरप्या रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेच्या.

"पॉलिश केलंय," ती म्हणाली.

"नुसत्या दातांनी. खार असती तर दोन तुकडे करून मोकळी झाली असती."

"म्हणजे हा आमच्या धंद्यातला आहे."

काका मोठ्याने हसले. छोटी न हसता उतार चढायला लागली होती. आत्याने तिला गाठलं, तेव्हा तिने विचारलं, "तूही गेलीस ना झोपाळूच्या बाजूला?"

"बाजू कसली? काम चांगलं आहे म्हटलं."

"तेच तर. त्याला डोळे आहेत, मिशा आहेत, आता कारागीरसुद्धा झाला. लोक त्याला बघून 'अय्या' म्हणतात. हिला बघून 'शी' म्हणतात. धोका दोघांना सारखाच आहे, आत्या. फक्त हिला तोंड नाही."

तोंडाशिवायच्या कामाचा आत्याला अनुभव नव्हता.

*

घरी येऊन तिने पहिली हातमोजी वितळवली.

लॅब सुटली की ती आता रोज जाळीत जाई आणि उजेड असेपर्यंत बसे. चूक कुठे झाली ते तिला हळूहळू दिसत गेलं. तिने बोटं जोडीजोडीने केली होती, डावं-उजवं सारखं, कारण माणसाच्या तोंडात डावीकडे जो दात असतो तो उजवीकडेही असतो. इथे कुणालाच जोडी नव्हती. तिने सगळं चकचकीत केलं होतं, कारण कवळी खरखरीत राहिली तर जिभेला टोचते. इथे पृष्ठभाग बारीक पुरळ उठल्यासारखा होता. आणि काडी तिने बागेतली सरळ, ताजी घेतली होती, बुरशी बसवायला स्टँड म्हणून. खरी काडी स्टँड नव्हती. ती वाळलेली होती, वाकडी होती, आणि पडता पडता राहिलेली होती. आधी ती तशी जमली तरच वरची बोटं खरी वाटणार होती.

काडी जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिने खाली पडलेली एक वाळकी काडी आणि एक ओला फांदीचा तुकडा आणला, आणि काळ्या मेणाने दोन्ही जोडली. जोड दिसला की पुन्हा सोडवली. वहिनी भांडी लावता लावता पाहत होती.

"त्यापेक्षा दोऱ्याने बांधा की."

"बांधलेली नाहीये ती, वहिनी. धरलेली आहे."

"मला दोन्ही सारखंच दिसतं," वहिनी म्हणाली. पण जाता जाता तिने ओट्यावरचा मोठा दिवा आत्याच्या बाजूला वळवला.

झोपाळूचं काम मात्र पहिल्यापासून आपोआप होत गेलं. राईच्या खोलीत पेंढा भरलेला एक जुना नमुना होता. कीड लागलेला, तोंड शिवलेलं. पण अंगाचं माप त्यावरून मिळालं. मापावरून काम म्हटल्यावर आत्याचे हात सुटले. सोनेरी रंगाची वहिनीची एक शाल होती, जिला कसर लागली होती. तिची लोकर विंचरून अंगावर लावली. डोळ्यांना काळे मणी. आणि तोंड तिने मुद्दाम उघडं ठेवलं, पुढच्या पंजांत फळ धरून कुरतडताना. आत चार पुढचे दात, वर दोन, खाली दोन. लॅबमधल्या तिच्या जुन्या पेटीत दातांच्या छटांच्या पट्ट्या होत्या. त्यातली सगळ्यात सुंदर छटा तिने निवडली. आपल्या हातून इतकी चांगली गोष्ट पूर्वी कधी झाली नव्हती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणूनच सभेच्या सकाळी तिने हातमोजी खोक्यात ठेवली, आणि झोपाळू उचलून पुन्हा फळीवर ठेवला.

वहिनीच्या नजरेतून ते सुटलं नाही. "का हो? याला नाही नेत?"

"हा समोर असला तर तिच्याकडे कोण बघणार?"

"मग?"

"मग जाळी कापतील, वहिनी. छोटीचं काय होईल?"

वहिनीने हात पुसले. "लपवून जिंकलात, तर छोटी तुमच्याशी बोलेल का? ती तुमच्यासारखीच आहे. चूक सापडेपर्यंत झोपायची नाही." तिने स्वतः झोपाळू उचलला, दोन्ही हातांनी, जपून. आयुष्यात पहिल्यांदा तिने उंदीर हातात धरला होता. "आणि माझी शाल गेलीय यात. मुकाट्याने न्या."

*

सभा राईच्या खोलीतच होती. समितीतले बाकीचे आधीच कापणीला हो म्हणून मोकळे झाले होते. निर्णय बदलायचा तर तो आज आलेल्या तिघांच्या हातात होता: अध्यक्षबाई, ज्या पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही सगळ्यांना बाकावर बसवल्यासारखं बोलत, कोपऱ्यावरच्या बेकरीचे पाववाले, आणि पेटीवाले काका.

आत्याने दोन्ही प्रतिकृती टेबलावर ठेवल्या. पुढे तिला वाटलं होतं तेच झालं. तिन्ही माना एकाच बाजूला वळल्या.

"अगं बाई!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "हा तर आत्ता पळेल."

"मिशा बघा, मिशा," पाववाले म्हणाले. "आमच्या गोदामात असा असता तर मी त्याला पाव घातला असता."

छोटी हातमोजीच्या मागे उभी होती. तिने बोलायला तोंड उघडलं, आणि कुणाचंच लक्ष नाही हे पाहून मिटलं. आत्याने आपले हात टेबलाखाली घेतले.

काकांनी झोपाळू हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "दातवाल्या आत्या, एक बोलू?"

"बोला ना."

"याचे दात पांढरे आहेत."

"हो. सगळ्यात चांगली शेड आहे."

"असेल. पण झोपाळूचे दात नारिंगी असतात."

पाववाल्यांना हसू फुटलं, अध्यक्षबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि काका स्वतःही हसायला लागले. "सॉरी हं. पण हा सिनेमात काम करणारा वाटतोय."

आत्याचे कान तापले. माणसाच्या तोंडातल्या प्रत्येक दाताची छटा तिला पाठ होती, आणि उंदराचे दात कोणत्या रंगाचे असतात हे विचारायचं तिला सुचलंही नव्हतं. दात म्हणजे पांढरा. तिने हात पुढे केला.

"द्या इकडे. आत्ता करून देते."

"अहो, राहू द्या, काही बिघडत नाही."

"बिघडतं," आत्या म्हणाली. "चुकीचे दात लावून मी कुणाला पाठवत नाही."

तिने पिशवीतून ब्रश आणि रंगाची छोटी झाकणाची डबी काढली. हातमोजीच्या बोटांना दिलेला विटकरी-नारिंगी रंग त्यात थोडा उरला होता. खिडकीजवळ जाऊन तिने सगळ्यांकडे पाठ केली, भिंग डोळ्याला लावलं आणि पहिला दात रंगवायला घेतला. असलं काम घाईत होत नाही.

मागे टेबलावर बघायला एकच गोष्ट उरली होती.

थोडा वेळ खुर्च्यांचा आवाज आला. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "हात लावला तर चालेल का हिला?"

"हिला चालेल," छोटी म्हणाली. "खरीला नाही."

आत्या दुसऱ्या दातावर होती. तिने मान वळवली नाही, पण कान मागेच होते.

"गार लागते," अध्यक्षबाई. "आणि ही काडी पकडल्यासारखी बसलीय. मुलं बाकाची कड धरून बसतात ना, तशी."

"मला बघू," पाववाले म्हणाले. "हे बघा, बुरशीला मी 'शी' म्हणणार नाही. माझा पाव फुगतो तोही एका बुरशीनेच. पण ही करते काय? काही उपयोग?"

"झोपाळूचा काय उपयोग आहे, काका?" छोटीने विचारलं. "म्हणजे पाववाले काका, तुम्हाला?"

"मला? काही नाही. गोड आहे."

"हं."

पाववाले थोडे हसले. "बरं. लागलं मला." मग एक खुर्ची सरकली. आत्याला राहवलं नाही, तिने मागे पाहिलं.

हातमोजी पेटीवाल्या काकांच्या हातात होती. ते बोटांकडे पाहत नव्हते. वाळकी काडी जिथे ओल्या फांदीला चिकटली होती, त्या काळ्या जोडावर त्यांचा अंगठा होता.

"हे बुरशीने धरलंय?"

"हो. ती चिकटवणारी वेगळी. ती काडी पडू देत नाही."

"अशा काड्या मला माहीत आहेत," काका म्हणाले. "अडकलेल्या. पेटी टांगायला गेलो की मध्ये येतात. मी ओढून काढतो." ते थांबले. "जरा चिकट असतात, नेट लावावा लागतो. मला वाटायचं, चला, तेवढंच झुडूप मोकळं झालं. खाली टाकून देतो."

छोटी म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं, काका."

"ओढ्याकाठी सगळ्यात जास्त काढल्यात. तिकडेच पेट्या जास्त आहेत ना माझ्या." त्यांनी हातमोजी टेबलावर ठेवली. तिरकी ठेवली गेली म्हणून पुन्हा उचलून सरळ ठेवली. "तरी आहे का तिथे अजून?"

"आहे. नवीनसुद्धा आलीय. एवढं एवढं बोट."

अध्यक्षबाईंनी पेन टेबलावर आपटलं. "मग मी काय लिहू? कापायचं की नाही? दोन्ही म्हणू नका."

"दोन्हीच म्हणतोय मी," काका म्हणाले. "वरचा उतार कापायचा. माझ्या झोपाळूला तिथे फळं पुरतील."

"पुरतील?"

"माहीत नाही. बघावं लागेल. ओढ्याकाठचं राहू द्या. आणि तिथल्या पेट्या मी काढून वर नेतो."

छोटीने टेबलाची कड धरली. "वरच्या उतारावर एक खोड आहे, काका. हातमोजीचं. जुनं."

"एकच?"

"एकच."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "ते मला सोडता येणार नाही, पोरी. ते मध्येच आहे. त्याच्या सावलीत सगळे धुमारे मरतील."

ती काय म्हणेल, याची आत्याला धाकधूक वाटली. छोटीने खिडकीबाहेर पाहिलं, मग होकारार्थी मान हलवली. "लिहा, बाई," ती म्हणाली.

आत्याने चौथा दात पूर्ण केला आणि झोपाळू आणून हातमोजीच्या शेजारी ठेवला. आता त्याचे दात नारिंगी होते आणि तो जरा कमी देखणा, पण जास्त खरा दिसत होता. काका म्हणाले, "हां. आता ओळखला."

*

कापणी थंडीतल्या एका कोरड्या सकाळी सुरू झाली. आत्याने लॅबमध्ये सुट्टी मागितली. "कशाला?" मालकाने विचारलं. "झाडं कापतायत, बघायला जायचंय," ती म्हणाली. मालकाने डोळे मोठे केले, पण दिली.

वरच्या उतारावर करवतीचा आवाज घुमत होता. मधलं ते जुनं खोड पडलं तेव्हा छोटीने तोंड फिरवलं. आत्या बघत राहिली. खोड एकदम नाही पडलं. आधी कललं, शेजारच्या झुडपावर टेकलं, आणि मग कापणाऱ्याने ढकललं तसं सावकाश खाली आलं. त्याच्यावरच्या वाळक्या काड्या सगळ्या एकदम सुटल्या.

आत्या तिथे गेली. तिने हातमोजीची काडी शोधून उचलली, कोटाच्या बाहीने माती पुसली आणि छोटीकडे दिली. "आता हात लावायला बंदी नाही ना?"

"नाही."

"मग हिचं माप घेऊ. पुढची आणखी चांगली होईल."

छोटीला हसू आलं, नाकातून, सर्दी झाल्यासारखं.

ओढ्याकाठून काका शेवटची पेटी काढून आणायला निघाले होते, म्हणून दोघी त्यांच्या मागोमाग उतरल्या. इथे करवतीचा आवाज मंद झाला होता. जाळी दाट होती, वाट अशी नव्हतीच. काका सवयीने भराभर चालत होते, फांद्या हाताने बाजूला सारत. एका खोडापाशी वाळकी काडी वाटेत आडवी आली, नेमकी त्यांच्या छातीच्या उंचीला. त्यांचा हात वर गेला.

तो तिथेच थांबला. मग त्यांनी टोपी काढून खिशात कोंबली, पेटी पोटाशी धरली, गुडघे वाकवले, आणि तो उंच माणूस एक हात जमिनीवर टेकत त्या काडीखालून हळूच पलीकडे गेला.